हा तोच का?

पनामा पेपर्समध्ये, म्हणजे पनामातल्या एका फर्ममधून फुटलेल्या कंपन्यांच्या कागदपत्रांमध्ये, ‘एल पोर्टाडोर’ नावाचे एक गृहस्थ हजारो वेळा भेटतात. कधी ते इंग्रजी वेशात ‘द बेअरर’ म्हणून येतात. एवढ्या कंपन्यांत एकाच माणसाचा हिस्सा असेल तर जगातल्या श्रीमंतांच्या याद्या नव्याने कराव्या लागतील. पण असा कोणी माणूसच नाही. शेअरचा कागद ज्याच्या हातात, तो मालक, अशी ती व्यवस्था. नाव कुठे नोंदवायचंच नाही, हीच तिची सोय. मग नोंदवहीत नावाच्या रकान्यात काय लिहायचं? ‘धारक’, म्हणजेच एल पोर्टाडोर.

आता ही यादी ग्राफ डेटाबेसमध्ये, म्हणजे माणसं-कंपन्या बिंदू आणि त्यांच्यातले संबंध रेघा म्हणून साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये, भरताना कुणी ‘नाव सारखं, म्हणजे माणूस एकच’ असं धरून चाललं, तर काय होईल बघा. हजारो कंपन्यांच्या रेघा एकाच बिंदूवर येऊन आदळतील. हाँगकाँगमधली कंपनी आणि जिनिव्हातली कंपनी, ज्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, त्या दोन उड्यांत एकमेकींना भेटतील. ‘या दोघांमधला सर्वांत जवळचा रस्ता कोणता?’ असं विचारलं की उत्तर दर वेळी या गृहस्थांच्या दारातूनच जाईल. डेटा पूर्ण भरलेला, एकही एरर नाही, आणि तरीही कचरा.

मोठ्या फाइली ग्राफ डेटाबेसमध्ये वेगाने कशा भरायच्या, हे मी नव्या मुलांना शिकवते तेव्हा सुरुवात इथून करते. त्यांना हवी असते एखादी कमांड, एखादी सेटिंग, मेमरी किती वाढवायची त्याचा आकडा. ते सगळं आहेच. पण इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत असं झालंय की भरणा हळू चालतो तो बहुतेक वेळा एकाच प्रश्नापायी: ‘हा तोच का?’ नवी ओळ आली की हा माणूस, हा पत्ता, ही कंपनी आपल्याकडे आधीच आहे की नवी? हा प्रश्न कधी विचारायचा, किती वेळा विचारायचा आणि कुणाला विचारायचा, यावर मिनिटं लागणार की रात्र जाणार हे ठरतं.

शिकवायला ही फाइल सोयीची आहे. एप्रिल २०१६ मध्ये बातमी फुटली तेव्हा मोसॅक फोन्सेका या पनामातल्या फर्मची १ कोटी १५ लाख कागदपत्रं, २.६ टेराबाइट एवढा ऐवज, जर्मनीच्या ‘झ्युडडॉयचे त्सायटुंग’ या वृत्तपत्राकडून आयसीआयजे या शोधपत्रकारांच्या संघटनेकडे आलेला होता. आपल्याकडून ‘इंडियन एक्स्प्रेस’ त्या कामात होता. कोण कुणाच्या कंपनीत संचालक आणि ती कंपनी कुणाच्या पत्त्यावर, हे जाळं उलगडायला त्या मंडळींनी निओफोरजे हा ग्राफ डेटाबेस वापरला. ९ मे २०१६ ला त्यातला नावं-कंपन्या-पत्त्यांचा भाग सगळ्यांसाठी खुला झाला. पुढे पॅराडाइज आणि पँडोरा पेपर्सची भर पडली. आज ते सगळं मिळून सुमारे २० लाख नोड, म्हणजे बिंदू, आणि ३३ लाखांच्या आसपास नाती, म्हणजे रेघा, होतात, आणि ते साध्या सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या, फाइलींत उतरवून घेता येतं. कंपन्यांची एक फाइल, अधिकाऱ्यांची एक, मध्यस्थांची एक, पत्त्यांची एक, ‘इतर’ची एक, आणि नात्यांची एक. लॅपटॉपला झेपेल इतकी लहान, पण चुकीच्या पद्धतीने भरली तर रडवेल इतकी मोठी.

जाता जाता सांगते, निओफोरजेच्या जन्मकथेत आपली मुंबई आहे. एमिल आयफ्रेम हा स्वीडिश संस्थापक सांगतो की नोड, नाती आणि त्यांचे गुणधर्म ही मांडणी त्याने २००० साली मुंबईला येणाऱ्या विमानात एका नॅपकिनवर रेखाटली. हे ऐकलं की वर्गातल्या पोरांची छाती उगाच दोन इंच फुगते.

त्या मांडणीची किंमत मात्र भरणा करताना मोजावी लागते. निओफोरजेच्या जुन्या, रुळलेल्या साठवण पद्धतीत प्रत्येक नोडची नोंद ठरलेल्या मापाची असते, १५ बाइट. नात्याची नोंद ३४ बाइट. माप ठरलेलं असल्यामुळे अमुक क्रमांकाचा नोड कुठे आहे हे शोधावं लागत नाही, गुणाकार केला की जागा सापडते. नात्याच्या नोंदीत दोन्ही टोकांच्या नोडचे क्रमांक असतात, शिवाय त्या-त्या नोडच्या नात्यांच्या साखळीतली आधीची कडी आणि पुढची कडी कोणती, हेही असतं. म्हणून वाचताना एका नोडवरून दुसऱ्यावर जाणं झटपट होतं, वाटेत कुठल्याही इंडेक्सला, म्हणजे शोधसूचीला, विचारावं लागत नाही. पण लिहिताना? एक नवं नातं जोडायचं म्हणजे त्याची स्वतःची नोंद, दोन्ही टोकांचे नोड आणि साखळीतल्या शेजारच्या कड्या, एवढ्या सगळ्यांना हात लावायचा. डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेल्या जागी. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल तर हे काम तिच्याकडून करून घेऊच नये.

आता नेहमीचा रस्ता. ‘लोड सीएसव्ही’ म्हणायचं, फाइलची एकेक ओळ येते, आणि प्रत्येक ओळीसाठी ‘मर्ज’: असेल तर तोच घे, नसेल तर नवा बनव. लिहायला इतकं सोपं की त्याच्या पोटात काय चाललंय हे कुणी बघतच नाही. ज्या गुणधर्मावर मर्ज करताय त्यावर इंडेक्स नसेल, तर ‘असेल तर’चं उत्तर शोधण्यासाठी डेटाबेस त्या लेबलचे, म्हणजे त्या प्रकारचे, आतापर्यंतचे सगळे नोड पहिल्यापासून चाळतो. पहिल्या हजार ओळी भुर्रकन जातात. म्हणूनच छोट्या नमुना-फाइलवर चाचणी करणारे फसतात. २० लाख ओळींसाठी हा हिशेब सरासरी १० लाख गुणिले २० लाख असा जातो, म्हणजे २ लाख कोटी वेळा ‘हा तोच का?’. सर्व्हर बिघडलेला नसतो, टांगलेला नसतो. तो बिचारा प्रामाणिकपणे प्रत्येकाचं तोंड बघत बसलेला असतो.

त्र्यंबकेश्वरला गेलात तर तिथल्या तीर्थपुरोहितांकडे नामावळीच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की गुरुजी नेमकी वही काढतात, नेमकं पान उघडतात, आणि तुमच्या पणजोबांची सही समोर येते. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या सगळ्या वह्या पहिल्या पानापासून वाचत बसत नाहीत. गावावर आणि आडनावावर लावलेली ती रचना म्हणजेच इंडेक्स. आणि नुसतं ‘पाटील’ म्हणून भागत नाही, गाव सांगावंच लागतं, हेही लक्षात घ्या. त्याकडे पुन्हा येते.

तेव्हा भरणा सुरू करण्याआधी, पहिली ओळ आत जाण्याआधी, आयडीवर ‘युनिक’ असल्याचा कॉन्स्ट्रेंट, म्हणजे एक आयडी एकदाच असा नियम, टाकायचा. त्यामुळे दुहेरी नोंद रोखली जाते आणि सोबत इंडेक्सही मिळतो. एवढ्या एका ओळीने फरक इतका पडतो की पुढचे सगळे उपाय त्यापुढे किरकोळ वाटावेत. भरणा करून झाल्यावर इंडेक्स टाकू म्हणणारे अनुभवी लोकही मी पाहिलेत. रिलेशनल डेटाबेसमध्ये ती सवय बरोबर असते, कारण तिथे नुसत्या ओळी ओतायच्या असतात. इथे प्रत्येक ओळ आधीच्यांना शोधत येते.

त्यातही संपूर्ण आकृतीवर एकदम मर्ज करू नये. ‘हा अधिकारी, या कंपनीचा संचालक’ हे अख्खं वाक्य मर्जला दिलं, तर तो अख्खं वाक्य शोधतो. अधिकारी आहे, कंपनी आहे, फक्त मधलं नातं नाही, अशी स्थिती असेल तर तो तिन्ही नव्याने बनवायला जातो. कॉन्स्ट्रेंट असला तर एरर येऊन थांबेल. नसला तर गुपचूप जुळी भावंडं तयार होतील. आधी नोड एका फेरीत, मग नाती दुसऱ्या फेरीत, आणि दुसऱ्या फेरीत नोडसाठी मर्ज न वापरता नुसता ‘मॅच’, म्हणजे फक्त शोधणं. फाइलीत एकही नातं दोनदा नाही याची खात्री असेल तर नात्यासाठीही मर्ज नको, सरळ ‘क्रिएट’, म्हणजे न शोधता बनवणं. जिथे उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे तिथे प्रश्न विचारूच नका.

नोड आणि नाती वेगवेगळ्या फेऱ्यांत घेण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते शोधायला क्वेरीपुढे, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या हुकमापुढे, ‘एक्सप्लेन’ लिहून तिचा आराखडा वाचावा लागतो. त्यात ‘ईगर’ नावाचा एक टप्पा दिसला की सावध व्हावं. एकाच लेबलवर आपण एका दमात वाचतही असलो आणि लिहीतही असलो, तर आत्ता लिहिलेलंच पुन्हा वाचलं जाऊ नये म्हणून डेटाबेस आधीच्या सगळ्या ओळी मेमरीत गोळा करतो आणि मगच पुढे सरकतो. त्याचं बरोबरच आहे. पण फाइल मोठी असली की मेमरीचा जीव जातो. पूर्वी ‘पिरिऑडिक कमिट’ लावून दर हजार ओळींनी काम पक्कं करण्याची सोय होती, आणि हा ईगर मध्ये आला की ती सोय नावापुरतीच उरायची. पाचव्या आवृत्तीपासून पिरिऑडिक कमिट काढून टाकलंय. आता ‘कॉल… इन ट्रान्झॅक्शन्स’ लिहायचं, आणि बॅच किती ओळींची ते सांगायचं. काही सांगितलं नाही तर हजार. मी बहुधा दहा हजारांपासून सुरुवात करते आणि मशीनचा अंदाज घेते. पायथनमधून डेटा पाठवायचा असेल तर याद्या करून पॅरामीटर म्हणून पाठवायच्या आणि ‘अनवाइंड’ने उलगडायच्या. प्रत्येक मूल्य क्वेरीच्या मजकुरातच चिकटवून लाखो वेगवेगळ्या क्वेऱ्या पाठवणारे प्रोग्रॅम अजून लिहिले जातात. डेटाबेस त्या प्रत्येकीचा आराखडा नव्याने आखत बसतो.

पण हे सगळं झालं चालू, जिवंत डेटाबेसमध्ये भर घालण्यासाठी. पाटी कोरी असेल, म्हणजे डेटाबेस अजून जन्मालाच यायचा असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: लोड सीएसव्हीच्या वाटेला जाऊ नका. निओफोरजे-अ‍ॅडमिन या सोबत येणाऱ्या साधनातला इम्पोर्ट वापरा. त्याला ट्रान्झॅक्शनचं, म्हणजे ‘सगळं पक्कं किंवा काहीच नाही’ या शिस्तीचं, बंधन नाही, क्वेरीची भाषा त्याच्या गावी नाही. फाइली वाचून तो थेट साठवणीच्या फाइली लिहितो. पडद्यावर चार टप्पे दिसतात: आधी नोड, मग नाती, मग नात्यांची जोडणी, शेवटी आवराआवर. गंमत तिसऱ्या टप्प्यात आहे. दर नात्यागणिक साखळीतल्या शेजाऱ्यांना हात लावण्याचं जे विखुरलेलं काम मघाशी सांगितलं, ते तो त्या-त्या वेळी करतच नाही. नाती एकामागून एक सलग लिहून टाकतो आणि कड्या जोडायचं काम मागे ठेवून एकगठ्ठा करतो.

आणि आपला प्रश्न? तो इथेही आहे, पण एकाच ठिकाणी. नोड आत घेताना तुमचा आयडी आणि त्याचा स्वतःचा अंतर्गत क्रमांक यांची सांगड तो मेमरीत तयार करतो, दुहेरी कोण आहेत ते त्याच वेळी एकदाच तपासतो, आणि नंतर नात्यांच्या फाइलीतली दोन्ही टोकं त्या सांगडीतून सोडवतो. साध्या लॅपटॉपवर आयसीआयजेचा सगळा डेटा काही मिनिटांत आत जातो. आयडी आकडा असेल तर त्याला आकडाच म्हणून सांगावं, मजकूर म्हणून ठेवला तर सांगडीला जास्त मेमरी लागते. शीर्षकाची ओळ वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवावी, म्हणजे ‘हा आयडी, हे लेबल, हे सुरुवातीचं टोक’ असल्या दुरुस्त्यांसाठी काही जीबीची फाइल उघडावी लागत नाही. आणि कंपनी क्रमांक १ व पत्ता क्रमांक १ यांची गल्लत होऊ नये म्हणून प्रत्येक प्रकाराला स्वतःचं आयडी-क्षेत्र देता येतं. नुसतं ‘पाटील’ न म्हणता गाव सांगायचं ते असं.

वेगाचं इतकं पुराण झालं, पण मला खरा रस आहे तो आयडीतच. आयसीआयजेने प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक दिला. ‘एल पोर्टाडोर’ हजारो वेळा आला, तर त्याच्याही हजारो नोंदी वेगळ्या राहिल्या. आणि जिथे त्यांना दोन नोंदी एकाच्या असाव्यात असं वाटलं, तिथे त्यांनी त्या एकात मिसळल्या नाहीत, मधे एक नातं जोडलं. नात्यांचे प्रकार बघा: ‘सेम नेम अ‍ॅज’, ‘सेम अ‍ॅड्रेस अ‍ॅज’, ‘सिमिलर’, आणि माझा सर्वांत आवडता, ‘प्रॉबॅब्ली सेम ऑफिसर अ‍ॅज’. बहुधा तोच अधिकारी! शंका चक्क डेटा म्हणून नोंदवली. भरणाऱ्याने निकाल दिला नाही, वाचणाऱ्यावर सोडला. मर्ज केलेले दोन नोड पुन्हा वेगळे करणं जवळपास अशक्य असतं, नातं मात्र एका ओळीत पुसता येतं. या यादीत नाव असणं म्हणजे गुन्हा केला असं नव्हे, हे आयसीआयजे स्वतः बजावतं. दोन समान नावांची माणसं चुकून एक केली तर एकाचं बिऱ्हाड दुसऱ्याच्या पाठीवर चढतं.

मराठी डेटा भरताना या प्रश्नाला एक खास आपला पदर आहे. कऱ्हाड घ्या. कुणी ‘कराड’ लिहितो, कुणी ‘कऱ्हाड’, तो वाद वेगळा. पण ‘कऱ्हाड’ एवढाच शब्द संगणकात निदान तीन प्रकारे साठवलेला सापडतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात ‘र’ आणि खाली नुक्ता, तिसऱ्यात ‘र’, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही तंतोतंत सारखे. डेटाबेसला ती तीन गावं. युनिक कॉन्स्ट्रेंट तिन्हींना हसतमुखाने आत घेतो, कारण त्याच्या दृष्टीने बाइट वेगळे म्हणजे गाव वेगळं. युनिकोड या अक्षरसंकेताच्या, एकाच अक्षराची रूपं एकसारखी करणाऱ्या एनएफसी नियमाने पहिले दोन एक होतात, तिसरा तरीही वेगळाच राहतो, त्याच्यासाठी स्वतः नियम लिहावा लागतो. शब्दाच्या शेवटी राहून गेलेली जागा, मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे यांची सरमिसळ, हे त्याशिवाय. ही साफसफाई भरण्याच्या क्वेरीत करायची नाही. फाइल आत नेण्याआधी, बाहेरच, एकदाच. आणि मूळ मजकूर दुसऱ्या रकान्यात जसाच्या तसा ठेवायचा, कारण उद्या कुणी ‘कागदावर नेमकं काय होतं?’ असं विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे.

सीएसव्हीच्या इतर खोड्या थोडक्यात. मजकुराच्या शेवटी उलटी तिरकी रेघ आली तर ती पुढच्या अवतरणचिन्हाला गिळते आणि दोन रकाने एक होतात. पत्त्यात ओळ तोडलेली असली तर इम्पोर्टला तसं आगाऊ सांगावं लागतं. रिकामा आयडी मर्जला चालत नाही, तो तिथेच थांबतो. आणि कृपा करून फाइल ‘जरा बघायला’ म्हणून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. आयडीच्या पुढची शून्यं जातात, मोठे आकडे वैज्ञानिक पद्धतीने लिहिले जातात, आणि मग नात्यांच्या फाइलीतला एकही आयडी कुणाशी जुळत नाही.

एक त्रास मात्र साफसफाईने जात नाही, कारण तो खराच असतो. केमन बेटांवर अगलँड हाउस नावाची पाच मजली इमारत आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००८ मध्ये मोजलं तेव्हा तिच्या पत्त्यावर १८,८५७ कंपन्या-संस्था नोंदलेल्या होत्या. आयसीआयजेच्या डेटातही असे गजबजलेले पत्ते आणि मध्यस्थ आहेतच. जिवंत डेटाबेसमध्ये नातं जोडताना टोकांच्या नोडवर कुलूप लागू शकतं. भरणा लवकर व्हावा म्हणून तुम्ही आठ धागे, म्हणजे एकाच वेळी चालणारी आठ कामं, समांतर सोडले आणि आठही जण एकाच इमारतीच्या दारात आले, तर सात जण बाहेर उभे. नशीब आणखी वाईट असेल तर दोघं एकमेकांच्या हातातल्या कुलपाची वाट बघत बसतात आणि डेटाबेसला एकाला हाकलावं लागतं. नोडची फेरी खुशाल समांतर चालवावी, नात्यांची फेरी एका धाग्यावर ठेवावी किंवा ओळी अशा वाटाव्यात की एका गजबजलेल्या नोडची सगळी नाती एकाच धाग्याकडे जातील. हा उपाय कागदावर वेगाच्या विरुद्ध दिसतो, प्रत्यक्षात वेळ वाचवतो.

भरणा संपला की लोक लगेच रंगीत जाळं काढून स्क्रीनशॉट घेतात. मी आधी दोन गोष्टी बघते. एक, फाइलींतल्या ओळी आणि डेटाबेसमधले नोड यांची संख्या जुळते का ते, आणि सोबत सर्वाधिक नाती असलेल्या पहिल्या वीस नोडची यादी. त्यात ज्यांची गर्दी खरी आहे ते राहतात, आणि नावाच्या जागी ‘लागू नाही’, ‘वरीलप्रमाणे’ किंवा नुसती रेघ असलेले नोड उघडे पडतात. दुसरी गोष्ट म्हणजे इम्पोर्टने मागे ठेवलेली अहवालाची फाइल. वगळायची परवानगी दिली असेल तर दुहेरी नोड आणि एका टोकाला कुणीच नसलेली नाती तो तिथे नोंदवून ठेवतो, आणि अशा चुकांची मर्यादा मुळात हजार असते. ती ओलांडली की काम थांबतं. मर्यादा वाढवून पुढे जायचा मोह होतो. मी त्याऐवजी ती फाइल मुलांना वाचायला देते, आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने लिहायला सांगते: टोक मुळातच नव्हतं, की आपणच आयडी बिघडवला?